मागच्या भिंतीजवळचं बाक

ताई अजून ढिगाऱ्याखालून निघाली नव्हती, तोवर दादा टीव्हीवर रडून मोकळा झाला होता.

मी ते पाहिलं एका शाळेच्या हॉलमध्ये. आम्हा नातेवाइकांना तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर रांगेत बसवलं होतं, परीक्षेला बसवावं तसं. समोर भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद केलेला. त्यामुळे दादा काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं, आणि काही बिघडत नव्हतं. माझा सख्खा भाऊ, वय सत्तावन्न, धंदा लोकांना गाडी चालवायला शिकवण्याचा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून बोलत राहायचं, हेच त्याचं काम, आणि घरी आल्यावरही ते सुटत नाही. पडद्यावर तो मान खाली घालून हमसत होता, मध्येच वर बघून कॅमेरा आहे ना याची खात्री करत होता. खाली पट्टी फिरत होती, 'बहिणीची वाट पाहणारा भाऊ'. सहा वर्षं या भावानं बहिणीच्या घराची पायरी चढली नव्हती.

झालं होतं ते असं. आधी चार दिवस पाऊस पडत होता. मंगळवारी लख्ख ऊन पडलं, लोक खूश झाले, आणि पावणेअकराला इस्पितळाच्या मागचा डोंगर खाली आला. सगळा नाही, एक कड. पण त्या कडेच्या पायथ्याशी इस्पितळाचं धुलाईघर होतं, लांबलचक पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये माझी ताई कामाला होती. नंतर टीव्हीवर एक तज्ज्ञ आला. डोंगराचं पोट पाण्यानं भरलं होतं, म्हणाला. हे त्याला डोंगर पडल्यावर कळलं.

मी दातांच्या कवळ्या करते. आमची लॅब इस्पितळाच्या पुढच्या फाटकासमोर, दुसऱ्या मजल्यावर. माझं टेबल खिडकीशी आहे. त्या वेळी मी एका निवृत्त मुख्याध्यापकाची वरची कवळी घासत होते. बाहेर कुणी खडीचा ट्रक ओतावा तसा आवाज आला. ट्रक रिकामा झाला की आवाज थांबतो. हा थांबला नाही. मग फाटकातून माणसं पळत बाहेर आली, पांढऱ्या कपड्यांतली आणि अंगभर तांबड्या मातीतली. मी कवळी हातात घेऊनच जिना उतरले.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. बावीस वर्षं धुलाईत रोलरवर. रोलर म्हणजे दोन गरम नळकांडी. एका बाजूनं ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूनं कोरडी कडक निघते, तिथे दोघी उभ्या राहून घड्या घालतात. घरी आली तरी तिचा हात थांबायचा नाही. उशीचा अभ्रा दिसला की ओढून सरळ कर, माझ्या बाहीची सुरकुती मोड. आता वर्तमानपत्रात तिला 'धैर्यशील' म्हटलंय म्हणून सांगते, ताई भित्री होती. दारावर आपटली तर दाराची माफी मागेल अशी. दुकानदारानं चुकीची वस्तू दिली तर ती बदलून आणण्यापेक्षा तीच आवडते म्हणायला शिकेल. आम्ही दोघीच राहायचो, दोन खोल्यांत. घरातलं सगळं मी ठरवायची. ती म्हणायची, "तू म्हणशील तसं." मला वाटायचं, आमचं पटतं.

दादाला घराबाहेर काढायचंही मीच ठरवलं होतं. बाबा अकरा महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, सगळं आम्ही दोघींनी केलं. दादा रविवारी यायचा. वीस मिनिटं दारात उभा राहायचा, आत बसायचाही नाही, रस्त्यांवर किती गर्दी झालीय ते सांगायचा आणि जाताना म्हणायचा, "काही लागलं तर कळवा हं." बाबा गेले त्या दिवशी सगळं संपल्यावर तीन तासांनी आला आणि सगळ्यांत मोठ्यानं रडला. चार दिवसांनी मी त्याला म्हटलं, "आता इथे तुझं काही काम उरलेलं नाही. परत येऊ नकोस." ताई स्वयंपाकघराच्या दारात एक कोरडी ताटली पुसत उभी होती. दादा तिच्याकडे बघत राहिला, मग गेला.

तर त्या हॉलमध्ये आम्ही तीन दिवस बसलो. एक मुलगी कागदी रुमालांचं खोकं घेऊन खुर्च्यांमधून फिरत होती. तिला समुपदेशक म्हणायचं, असं आम्हाला सांगितलं होतं. माझ्याजवळ येऊन ती गुडघ्यांवर बसली, लहान मुलाशी बोलावं तसा आवाज काढला आणि म्हणाली, "भावनांना वाट करून द्या."

मी म्हटलं, "आधी ढिगाऱ्यातून वाट करा."

ती उठून पुढच्या रांगेत गेली. दर तासाला एक अधिकारी यादी घेऊन यायचा आणि 'काम युद्धपातळीवर चालू आहे' असं वाचून दाखवायचा. शेजारच्या बाई त्या माणसाचा हात धरून आभार मानायच्या. कशाबद्दल ते त्यांनाच ठाऊक.

दादा बुधवारी दुपारी हॉलमध्ये आला. मागून वहिनी, हातात थर्मास. तो थेट माझ्यावर कोसळला, "धाकटे, आपली ताई गं!"

"कॅमेरा बाहेर आहे," मी म्हटलं.

तो मागे सरकला. वहिनीनं मला कपात चहा ओतून दिला आणि ते दोघं दोन रांगा सोडून बसले. तेव्हापासून दादा समोरच्या भिंतीकडे बघत होता, मधूनच दोन्ही पाय हलवत होता, ब्रेक दाबल्यासारखे. मला त्याचा इतका राग येत होता की ताईची काळजी करायला सवडच मिळेना. रागाची तेवढी सोय असते.

शुक्रवारी सकाळी बोलावलं. इस्पितळाच्या तळघरात नेलं. दारात डॉक्टर म्हणाले, चेहऱ्यावरून ओळखणं कठीण आहे, मातीनं सगळ्यांचे कपडे सारखेच झालेत, घरातलं कुणी पुरुषमाणूस आहे का. मी दादाकडे बघितलं. पुरुषमाणूस भिंतीला टेकत टेकत खाली बसला.

मी आत गेले. "तोंड उघडता येईल का?" मी विचारलं. डॉक्टरांना वाटलं, मला भोवळ येतेय, काहीतरी बरळतेय. मी म्हटलं, "वरची डावी बाजू. दुसरी दाढ. तिथे कॅप असेल. शेजारच्या दातापेक्षा किंचित पिवळी."

होती. चार वर्षांपूर्वी मीच केलेली. रंग एक छटा चुकला होता, आणि मी ती बदलून देते म्हटलं तर ताई म्हणाली होती, "राहू दे गं, मागे कोण बघतंय." त्या कॅपची कड मी भिंगाखाली दोन दिवस घासली होती. आता तिच्याभोवती तांबडी माती बसली होती. मी ती नखानं काढली.

"तुमची खात्री आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं. त्याच्या हातात फॉर्म होता.

"माझं काम मी ओळखते. तुम्ही तुमचं करा."

बाहेर आले तर दादा बेसिनवर वाकून उलट्या करत होता आणि वहिनी त्याची पाठ चोळत होती. मी त्यांच्या बाजूनं निघून गेले. इतकी घृणा मला आयुष्यात कुणाची वाटली नसेल.

मग ती गोष्ट सुरू झाली. ताई सापडली ती शेडमध्ये नाही, तर बाहेर, मागच्या भिंतीजवळ, डोंगराच्या अगदी अंगाला. लोक विचारायला लागले, ती तिकडे काय करत होती? पुढच्या दारानं पळालेल्या पुष्कळ जणी वाचल्या होत्या. तेव्हा दादानं सांगितलं, ताई पुढच्या दारानं सुखरूप बाहेर आली होती, पण आतल्या बायकांसाठी ती वळसा घालून मागच्या दारानं परत गेली. कुणी सांगितलं त्याला? तो म्हणाला, "मला माहीत आहे ना तिचा स्वभाव." पेपरवाल्यांना एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी ताईचा ओळखपत्रावरचा, डोळे अर्धे मिटलेला फोटो, आणि वर 'इतरांसाठी मृत्यूच्या दाढेत'. दाढेत! मी तो पेपर लॅबमध्ये कवळ्यांखाली पसरला.

इस्पितळानं कॅन्टीनच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. सात जणी गेल्या होत्या, पण भाषणं सगळी ताईवर होणार, कारण गोष्ट तिचीच होती. घरातर्फे दादा बोलणार, मग मी. मी लगेच हो म्हटलं. सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावरचा रंग उतरवायचा, असं मी ठरवलं. पण त्यासाठी खरं काय ते माहीत हवं. म्हणून सभेच्या आदल्या दुपारी मी घडीवालीकडे गेले.

घडीवाली म्हणजे रोलरवर ताईसमोर उभी राहणारी बाई. बारा वर्षं दोघींनी एकाच चादरीची दोन-दोन टोकं धरली होती. तिच्या हाताला प्लास्टर होतं, कपाळावर टाके. मला बघून ती खूश झाली नाही. खुर्ची दाखवली आणि स्वतः उभी राहिली.

मी विचारलं, "ताई खरंच परत आत गेली होती?"

"छे. ती मुळात आत नव्हतीच. चहाच्या सुट्टीला जरा लवकर निघाली होती. मागे बाक आहे ना भिंतीशी, तिथे बसायची."

"मागे? तिथे तर ऊनही येत नाही. चहा पुढच्या बाजूला मिळतो."

ती प्लास्टरवरचा दोरा ओढायला लागली.

"एवढ्या लांब कशाला जायची?"

"मंगळवारीच जायची. बाकीचे दिवस आमच्याबरोबर पुढे बसायची." ती प्लास्टरवरचा दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "तुमचे दादा यायचे मंगळवारी. मागच्या फाटकाशी गाडी लावून. दोघं बाकावर बसायचे पंधरा-वीस मिनिटं. पाच वर्षं झाली असतील."

मी म्हटलं, "दादा? आमचा?"

"मागच्या फाटकानंच यायचे."

"का?"

खरं तर मला उत्तर कळलं होतं. तरी विचारलं. काही माणसांना थप्पड पूर्ण खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही.

"पुढच्या फाटकासमोर तुमची खिडकी आहे," घडीवाली म्हणाली. "ताई म्हणायच्या, तिला कळलं तर घरात बोलणं बंद करेल. फार घाबरायच्या हो तुम्हाला. म्हणजे, चांगलंच बोलायच्या. पण घाबरायच्या."

तिनं मला पाणी दिलं. मी ते प्यायले आणि ग्लास नीट जागेवर ठेवला. जिना उतरताना मला आधी ताईचाच राग आला. पाच वर्षं! रोज माझ्यासमोर बसून जेवायची. मी दादाचा उद्धार करायची आणि ती मान हलवायची. मंगळवारी संध्याकाळीसुद्धा हलवायची. एक शब्द काढला नाही. एवढ्या मोठ्या बाईनं भावाला भेटायला चोरासारखं भिंतीमागे जावं? मग मला तिच्या जागी मी दिसले, म्हणजे माझ्यासमोर बसलेली मी. तिथून मी कशी दिसत असेन ते दिसलं. मला आवडलं नाही.

सभेला गर्दी होती. इस्पितळाच्या वरिष्ठांनी दिवंगतांची नावं वाचताना दोन गाळली. मग दादा उभा राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट. आवाज पहिल्याच वाक्याला फुटला. त्यानं ताईला बाहेर आणलं, वळसा घातला, मागच्या दारानं आत नेलं. नवे तपशीलही आले, कुणाचा तरी हात धरला होता म्हणे तिनं. समोरच्या रांगेत घडीवाली आपल्या प्लास्टरकडे बघत बसली होती. बायका डोळे पुसत होत्या. खोटं किती सुबक असतं! माझ्या कवळ्यांसारखं. खऱ्या दातांना अशी ओळ कधीच नसते.

माझी पाळी आली. मी माइकपाशी गेले. दादा पहिल्या खुर्चीवर होता. त्यानं एकदा घडीवालीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याला कळलं की मला कळलंय. त्याचा चेहरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता. एक वाक्य पुरलं असतं. ताई तुझी वाट बघत होती, बस्स. शंभर माणसं ऐकायला होती.

मी म्हटलं, "माझी बहीण कुणाला वाचवायला गेली नव्हती. ती चहाच्या सुट्टीत बाकावर बसली होती. बावीस वर्षं उभ्यानं काम केल्यावर माणूस बसतं. तेवढ्यात डोंगर पडला. ती शूर नव्हती. तिला शूर म्हणून तुम्हाला बरं वाटत असेल तर म्हणा, पण मग बाकीच्या सहा जणींनी काय कमी केलं होतं? त्याही कामावर आल्या होत्या. एवढंच." आणि मी वरिष्ठांना राहिलेली दोन नावं सांगितली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, शोकसभेत वाजवतही नाहीत. पण लोकांचे चेहरे पडले. फुकटचा पिक्चर मध्येच बंद केल्यासारखे.

बाहेर पार्किंगमध्ये दादानं मला गाठलं. वहिनी लांब गाडीपाशी थांबली.

"तू बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तुझ्यावर उपकार केले नाहीत. तुझं नाव घेतलं असतं तर माझंही घ्यावं लागलं असतं."

तो बोलायला लागला, पण नेहमीसारखा नाही, एकेक शब्द उचलून ठेवत. "मला उशीर झाला होता. दहा मिनिटं. एक बाई शिकत होत्या, चढावर गाडी बंद पडत होती त्यांची. चार वेळा. मी एरवी स्वतः घेतो स्टिअरिंग, उशीर होत असला की. त्या दिवशी म्हटलं, शिकू दे. वळणावरून मला भिंत दिसत होती. ती बाकावर बसलेली दिसत होती. तिनं हात केला." त्यानं उजवा पाय जमिनीवर दाबला. "मग ते खाली आलं."

त्यानं लांब गाडीकडे बघितलं.

"मला ते कुणाला सांगता येईना. मग तोंडातून ते दुसरंच आलं. निदान ती काहीतरी करत होती, असं."

"वाटच बघत होती ना. ते काय कमी आहे?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही. माझा बेत वेगळा होता.

"काय बोलायचात दोघं?" मी विचारलं.

"तुझंच. तू हल्ली कशी आहेस, मी परत घरी येऊ का ते विचारायचं का तुला. ती म्हणायची, पुढच्या मंगळवारी सांगते. तिचा मूड बघून सांगते."

"पाच वर्षं मूड बघितला?"

"दोनदा जवळजवळ विचारलं म्हणाली. एकदा तू डोकं दुखतंय म्हणालीस. एकदा नुसतं बघितलंस."

मला हसू आलं. ते हसूच होतं की काय, दादाला ठरवता येईना. तो खिशातून रुमाल काढून तसाच उभा राहिला. किती बेकार माणूस! सत्तावन्नाव्या वर्षी धाकट्या बहिणीपुढे चळाचळा कापणारा, घाबरून गोष्टी रचणारा. आणि त्याला घाबरवणारी ती मी. आमच्या तिघांत डोंगरापुढे उभं राहायच्या लायकीचं कुणी नव्हतं, आणि त्यातली एक तर बसली होती.

"रविवारी या," मी म्हटलं. "दोघं. दारात उभं राहायचं नाही. आणि रडायचं असलं तर घरून रडून यायचं."

ते आले. दादा दोन तास बसला आणि चढावर क्लच कसा सोडावा यावर बोलला. मला गाडी येत नाही, शिकायचीही नाही, हे त्याला चाळीस वर्षं माहीत आहे. वहिनीनं न विचारता माझे कप धुतले आणि चुकीच्या फळीवर ठेवले. जाताना दादानं तीनदा निरोप घेतला. दार लावल्यावर मी कप काढून पुन्हा धुतले. इतकी माणसं घरात असलेली मला आवडत नाहीत. पुढच्या रविवारी त्यांना साडेचारला बोलावलंय.